आयती चादर
कपाटातल्या कागदी वेष्टनातल्या छोट्या साबणाचा वास आला, की मला त्रिनिदादमधलं ते साधं हॉटेल आठवतं. कॉलेजच्या स्पर्धेसाठी आम्ही गेलो होतो. आई ऐरोलीच्या एका लॉजमध्ये खोल्या आवरायची, म्हणून हॉटेलातही माझी चादर मी स्वतःच घालायचे. व्हिडिओ कॉलवर ते बघून आई हसली, “येडे, राहू दे की! एकदा आयत्या अंथरुणात झोप आणि मला सांग कसं वाटतं ते.” दुसऱ्या दिवशी मी चादर तशीच सोडली. दुपारी परतले, तर ती ताणून, कोपरे खोचून घातलेली, अगदी आई घालते तशी. मला त्यावर बसवेना. घरी गेल्यावर सांगू, म्हटलं. मी दिघ्याला घरी पोचले त्याच्या आदल्या दिवशीच आई अचानक गेली. साबण तिच्यासाठी आणला होता. मला नीट सांगता आलं असतं की नाही, माहीत नाही. पण तिने ऐकलं असतं.