दरवाज्याचा डावा कोपरा: सिन्नर ते देवळाली कॅम्प

भाची शीतल नाशकात कॉलेजात शिकवते. तिचा फोन आला, "मामा, विमानाचा एक जुना दरवाजा आलाय आमच्याकडे प्रयोगाला. त्यावर तुमची सही आहे." दुसऱ्या दिवशी निघालो.

सिन्नरहून एसटी. आठच्या आत निघा, नायतर नाशकात द्वारका चौकात तासभर सडाल. गंगापूर रोडला एका गाडीवर भजी खाल्ली. तेल जुनं होतं. घरून डबा न्या.

दरवाजा लगेच ओळखला. वीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात फायबरचे थर चिकटवून केलेला. माझं काम नाणं वाजवून बघायचं. टण्ण वाजलं तर चांगला, बद्द वाजलं तर आत थर सुटलेला. जोडीला दत्तू होता. त्याच्या हातून या दरवाज्यावर स्पॅनर पडला. वर ओरखडासुद्धा नाय. तरी हा साहेबाला सांगायला निघाला. मी नाणं वाजवलं, 'ठीक' लिहून सही ठोकली, म्हटलं, "झालं, कशाला गवगवा करतो?" तो गेलाच. दोष कुणाला दिसला नाय, तरी साहेबानं दरवाजा शिकाऊ लोकांना दाखवायला बाजूला ठेवला आणि दत्तूचं नाव पडलं, स्पॅनरशेठ. "काय स्पॅनरशेठ, आज काय पाडलं?" नाव मीच पाडलं होतं. वर्षभरात त्यानं काम सोडलं.

शीतलनं दरवाज्यावर बटणाएवढ्या चकत्या चिकटवल्या होत्या. एक चकती थरथरते, ती थरथर दरवाज्यातून पळत बाकीच्या चकत्यांकडं जाते. आत थर सुटला असेल तिथं अडखळते. वायरींचा एवढा पसारा बघून मला तमाशाच वाटला. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर दरवाज्याच्या डाव्या कोपऱ्यात लाल डाग उठला. स्पॅनर पडला होता तिथंच.

"मनाला लावून घेऊ नका मामा. नाण्याला कधीकधी कळतच नाही."

ती चहा सांगायला गेली. मी खिशातलं नाणं काढून कोपऱ्यावर वाजवलं. बद्द. सत्तरीच्या कानांना कळलं. तेव्हाही कळलं असतं, पण तेव्हा मी कोपरा वाजवलाच नव्हता. मधे दोनदा टकटक केली नि जेवायला गेलो.

तिथून दोन बस बदलून देवळाली कॅम्प. दत्तूचं घर बाजारामागं. वहिनींनी दार उघडलं. तो खाटेवर, डावी बाजू गेलेली. जीभ मात्र शाबूत.

"या सहीशेठ."

लाल डागाचं सांगितलं. त्यानं वहिनींना हाक मारली.

"ऐकलं का गं? खरं होतं माझं." मग माझ्याकडं बघून, "नाण्यानं नसतं कळलं?"

"नाय."

"मग तुझी तरी काय चूक. उगा एवढी वर्षं शिव्या घातल्या तुला."

वहिनींनी पिठलं-भाकर वाढली. खाल्ली.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. कॅम्पला जायचं असेल तर शहरात शिरू नका. नाशिकरोडलाच उतरा, तिथून गाड्या मिळतात. माणूस दीड तासात पोचतो. रस्ता मला पाठ झालाय. खरं काय ते सांगायला अजून परत गेलो नाय.