बाबांना चालेल असा दातांचा डॉक्टर

आमचे दातांचे डॉक्टर गाव सोडून गेले, हे आम्हाला त्यांच्या शटरवर चिकटवलेल्या कागदावरून कळलं. मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला स्थलांतर, क्षमस्व, एवढंच लिहिलं होतं. बाबा त्या कागदापुढे बराच वेळ उभे राहिले. पंधरा-सोळा वर्षं त्यांचे दात याच माणसाने पाहिले होते. वरचा पुढचा दात हलायला लागला तेव्हा "पुढच्या आठवड्यात या" असं सांगणाराही तोच होता.

"सांगून तरी जाचं होतं," बाबा म्हणाले आणि माझ्या स्कूटीवर मागे बसले.

मारेगावात आम्ही दोघंच राहतो. मी पंचायत समितीत कारकून आहे, लग्न केलं नाही. बाबा वीज मंडळात लाईनमन होते. पंच्याहत्तरी उलटली, पण खांबावर चढणाऱ्या माणसाचा ताठा अजून गेलेला नाही. जिन्यात हात धरलेला त्यांना चालत नाही. पुढचा दात हलत होता आणि डावीकडच्या दोन दाढा किडल्या होत्या. महिनाभर ते वरणात भिजवलेली भाकर उजवीकडून चावत होते आणि विचारलं की काही झालंच नाही म्हणत होते.

डॉक्टर शोधायचा आहे हे मी ऑफिसात बोलले, तिथेच माझी चूक झाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला आमच्या दाढा माहीत झाल्या. शेजारच्या काकूंनी पांढरकवड्याचा डॉक्टर सुचवला, कारण त्याने त्यांच्या जावयाची दाढ काढली होती आणि जावयाला कळलंसुद्धा नव्हतं. आस्थापना विभागातल्या बाईंनी त्याच डॉक्टरचं नाव न घेण्याबद्दल मला बजावलं. पुण्याहून भावाने फोनवर स्टार पाहून तीन दवाखाने पाठवले. त्यातला एक जनावरांचा निघाला. मी त्याला तसं कळवल्यावर त्याचं म्हणणं असं, की ताई, तू नीट वाचत नाहीस.

पहिला दवाखाना गावातच, बस स्टँडजवळ कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होता. नवा होता. डॉक्टर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, चेहऱ्यावर मास्क. तिने बाबांना खुर्चीत बसवलं आणि कधीपासून दुखतं ते विचारलं. मी सांगितलं, दीड महिन्यापासून. गार लागतं का? मी सांगितलं, लागतं. रात्री झोप येते का? तेही मीच सांगितलं. बाबा छताकडे पाहत होते. तिने एक्स-रे काढायचा म्हटलं तर ते खुर्चीतून उतरले आणि चपला घालू लागले. खाली आल्यावर म्हणाले, पोरगी आहे अजून, तिच्या हातात जोर नाही. मी म्हटलं, दात काढायचा आहे, खांब नाही. त्यावर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरा वणीला. मी अर्धी रजा टाकली. नंबर लावून दोन तास बसलो. भिंतीवरच्या टीव्हीवर हसणाऱ्या बायकांचे पांढरे दात पुन्हा पुन्हा दाखवत होते. आत गेल्यावर डॉक्टरने बाबांच्या तोंडात अर्धा मिनिटही पाहिलं नसेल, आणि मग माझ्याकडे वळून सगळे दात काढून स्क्रूवाले पक्के दात बसवण्याचं पॅकेज समजावू लागला. त्याच्याजवळ रंगीत पुस्तिका होती. मी ती वाचत असताना बाबा पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. रस्त्यापलीकडे रसवंतीवर उसाचा रस पीत बसलेले सापडले. गार रस, तोही दुखऱ्या दाढांनी.

तिसऱ्या वेळी मी थेट यवतमाळच गाठलं. भावाच्या यादीतला सर्वांत जास्त स्टारवाला दवाखाना. सकाळी पहिल्या बसने निघालो. करंजीला बस चहापाण्याला थांबली, तिथे बाबा उतरले आणि बस सुटताना त्यांना शोधायला कंडक्टरला खाली जावं लागलं. यवतमाळात रिसेप्शनवरच्या मुलीने बाबांचं वय लिहून घेतलं, फॉर्म भरून घेतला, माझ्या तीन सह्या घेतल्या आणि मग सांगितलं, की म्हाताऱ्या माणसांच्या दातांचे सर फक्त गुरुवारी येतात. त्या दिवशी मंगळवार होता. हे फोनवर का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही फक्त दवाखाना उघडा आहे का एवढंच विचारलं होतं. आणि ते खरं होतं.

परतीच्या बसमध्ये मी बाबांवर तोंड सोडलं. माझी रजा, माझे हेलपाटे, त्यांचं दर ठिकाणी उठून जाणं, सगळं काढलं. आजूबाजूचे लोक खिडकीबाहेर पाहण्याचं नाटक करत ऐकत होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढं म्हणाले, "तू कायले एवढी तकलीफ घेते? राहू दे."  

त्यानंतरच्या सोमवारी मी ऑफिसातून लवकर घरी आले तर दाराला कुलूप. बाबांना फोन लावला तर तो आतच वाजत होता. शेजारच्या काकूंनी सांगितलं की ते दुपारी ऑटोत बसून गेले, कुठे ते सांगितलं नाही. मी बुद्धविहारात पाहून आले, त्यांच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर पाहिलं, मग सरकारी दवाखान्याचा विचार आला.  तिकडे जाताना बस स्टँडजवळ, कृषी केंद्राच्या जिन्याशी मला त्यांच्या चपला दिसल्या.

वर गेले. आतलं दार अर्धवट उघडं होतं. बाबा खुर्चीत बसले होते, डॉक्टर मुलगी स्टूलवर त्यांच्यासमोर, मास्क खाली केलेला. बाबा बोलत होते. इतकं सलग बोलताना मी त्यांना कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं.

विहारात दर पौर्णिमेला वंदना बाबा सांगतात, त्यांच्यामागे सगळे म्हणतात. वीस वर्षं हे चाललं आहे. दात हलायला लागल्यापासून त्यांचे काही शब्द नीट फुटत नव्हते, वारा जात होता. मागे बसलेली पोरं हसतात असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगत होते.

"पुढचा दात काढला तर मले वंदना म्हणता येईन का, एवढंच विचाराचं होतं," ते म्हणाले. "बाकी दाढा काय, काढून फेक."

तिने त्यांना थोडी वंदना म्हणायला लावली. बाबांनी म्हटली, आणि ती ओठांकडे लक्ष देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, तो दात लगेच काढायचा नाही, शेजारच्या दोन दातांना बांधून पाहू, टिकेल तितका टिकेल. पडलाच तर नवा बसवू, बोलायची थोडी सवय करावी लागेल.

तेवढ्यात बाबांनी मला दारात पाहिलं.

"तू बाहेर बस," ते म्हणाले. "तिन्ही ठिकाणी तूच बोलत होती. दात माहे होते."

मी बाहेरच्या बाकावर बसले.  राग तर आलाच होता, कुलूप पाहून जीव खाली-वर झाला होता त्याचा, वाया गेलेल्या रजांचा, आणि म्हणाले ते खरं होतं त्याचाही. त्याच पोरीकडे जायचं होतं तर यवतमाळच्या बसमध्ये मला कायला बसवलं?

आतून तिचा आवाज आला. दाढा आज काढूया म्हणत होती. काही गोळ्या चालू आहेत का, तिने विचारलं. बाबांनी नाही म्हणून सांगितलं.

मग मी बसू शकले नाही. आत गेले आणि बीपीची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, दोन्हींची नावं सांगितली. तीन वर्षं ते रोज सकाळी माझ्या हातून घेतात. डॉक्टर मुलीने हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं. आज दाढ काढता येणार नाही, आधी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं लागेल, असं ती म्हणाली. मग बाबांकडे वळून तिने विचारलं की तुम्ही नाही काहून म्हणालात?

बाबा पुन्हा छताकडे पाहू लागले. तिकडेच पाहत म्हणाले, गोळ्या सांगितल्या असत्या तर तू दाढ काढली नसती.

 डॉक्टर मुलीला हसू आवरत नव्हतं. मला मात्र तेव्हा हसू आलं नाही.

गोळ्यांचं विचारून झाल्यावर पुढच्या आठवड्यात दोन्ही दाढा निघाल्या. मी बाहेर बसले होते. पुढचा दात तिने बारीक तारेने बांधला, तो तीन महिने टिकला आणि एका संध्याकाळी पेरूत अडकून निघाला. बाबांनी तो कागदाच्या पुडीत बांधला आणि दुसऱ्या दिवशी एकटेच तिच्याकडे गेले. मला कळलं ते तिचा फोन आल्यावर. तिने सांगितलं, बाबांनी बजावलं आहे की गोळ्यांचं तेवढं माझ्या पोरीला विचारा, बाकीचं मला.

आता त्यांना एक काढता-घालता येणारा दात आहे. वंदनेला तो लावतात, जेवताना काढतात, आणि काढला की ठेवला कुठे ते विसरतात. परवा तो चष्म्याच्या डबीत होता, त्याआधी साखरेच्या डब्याच्या झाकणावर. मी शोधायला उठले की ते म्हणतात, तू बस, सापडन. आणि मी बसते. मग ते दुसऱ्या खोलीत गेले की उठून फ्रिजच्या वर पाहते.