रोपवाटिकेच्या नावावर

शेडनेटच्या, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवाच्या, दारातच पायाखाली चिखल लागला. बाहेर आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही, आणि आत फॉगर सुरू. फॉगर म्हणजे छताला टांगलेली बारीक तोंडं. त्यातून धुक्यासारखं पाणी सुटतं. मे महिन्याच्या उन्हात त्यांच्यामुळे रोपं जगतात. ढगाळ हवेत त्यांच्यामुळेच मरतात. यवतमाळहून आणलेली पोती गाडीतच सोडून मी आधी व्हॉल्व्ह बंद केला.

मंदार केबिनमध्ये होता. कानात इअरफोन, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. स्क्रीनवर कोट घातलेला एक माणूस हात उंचावून बोलत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यानं मान वर केली. लाइव्ह सेशन आहे, मध्येच उठलं तर मेंटरला दिसतं, असं म्हणाला. फॉगर सकाळी त्यानंच लावले होते. बंद करायचं राहून गेलं, एवढंच त्याचं म्हणणं.

मंदार जोशी माझा भागीदार. तो यवतमाळचा, वडील कचेरीत नोकरीला होते. मी राठोड, दारव्हा तालुक्यातल्या तांड्यावरचा, घरात पहिला कृषी पदवीधर. आम्ही दोघं एकाच बियाणे कंपनीत होतो. मी फील्डवर, तो सेल्समध्ये. दुसऱ्याचं बियाणं विकून कंटाळा आला तेव्हा दोघांनी मिळून नोकरी सोडली आणि बोरी अरबच्या रस्त्याला लागून असलेल्या माझ्या वाट्याच्या जमिनीवर रोपवाटिका टाकली. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी. शेतकरी आगाऊ बुकिंग करतो, आम्ही रोप तयार करून त्याच्या बांधावर पोचवतो.

रोपं माझ्याकडे, माणसं त्याच्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. आणि माणसं सांभाळण्यात त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिलेला नाही. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाच्या विहिरीचं पाणी आटलं, त्याला सगळं ठाऊक. बोरी अरबजवळच्या एका गावात शोभाताई म्हणून आमच्या ग्राहक होत्या. बायकांचा बचत गट चालवतात, सगळ्या मिळून भाजीपाला लावतात. त्यांचे यजमान झाडावरून पडले तेव्हा मंदारनं त्यांना आमच्या पिकअपमध्ये घालून यवतमाळला नेलं. धोका टळला असं डॉक्टरनं सांगेपर्यंत दवाखान्यातून हलला नाही. हे तो कधी बोलून दाखवत नसे. मला शोभाताईंकडूनच कळलं.

असा माणूस त्या कोटवाल्याच्या नादी लागला.

सुरुवात मोबाईलवरच्या एका छोट्या व्हिडिओनं झाली. मग फुकट वेबिनार, मग पैसे भरून कोर्स. घरबसल्या कमाई, झोपेत कमाई, असले शब्द त्याच्या बोलण्यात यायला लागले. सकाळी रोपांची गाडी भरायच्या वेळी तो फोनवर कोणाला तरी स्वप्नं मोठी ठेवायला सांगत असे. गाडी उशिरा जायला लागली. एकदा वांग्याच्या गावात टोमॅटो गेला.

त्याच्या आग्रहाखातर मी एकदा यवतमाळच्या हॉटेलात त्यांच्या मीटिंगला गेलो. मोठ्या आवाजात गाणी लावलेली होती. आत गेल्या गेल्या सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. पडद्यावर गाड्या आणि परदेशातले समुद्रकिनारे. माझ्या शेजारी एक शिक्षक बसले होते, पलीकडे शिलाईकाम करणारी एक बाई. दोघंही लिहून घेत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले म्हणून मी उठलो आणि विचारलं, यात विकायचं काय?

कोर्स, असं उत्तर आलं.

मी विचारलं, कोर्समध्ये शिकवतात काय? तर कोर्स दुसऱ्यांना कसा विकायचा ते. मग तो तिसरा काय करणार, असं मी विचारलं, तेव्हा व्यासपीठावरचा माणूस हसला आणि हॉलकडे वळून म्हणाला, की अशा निगेटिव्ह लोकांपासून आयुष्यात लांब राहायला शिका. हॉलनं टाळ्या वाजवल्या. शिलाईवाल्या बाईंनीही वाजवल्या. मंदार जमिनीकडे बघत होता. त्याला लाज त्यांची नाही, माझी वाटत होती.

येताना त्यानं गाडीत गाणी लावली. दारव्हा जवळ आल्यावर म्हणाला, "तुझी अडचण माहीत आहे काय? तुला मातीत हात घालायची सवय झाली आहे. त्याच्या पुढचं तुला दिसतच नाही."

मी म्हणालो, "माझ्या हातातलं रोप मला दिसते. तुझ्या हातात काय आहे ते सांग."

त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

तर फॉगरचा तो दिवस या सगळ्यानंतरचा. आमची रोपं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये वाढतात. प्रत्येक कप्प्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्यात एक बी. हा भुसा पाणी धरून ठेवतो. तोच त्याचा गुण, आणि पाणी जास्त झालं की तोच दोष. ओल्या भुशात बुरशी धरते आणि रोपाची मान, म्हणजे भुशातून वर येतो तो भाग, कुजते. वरून पानं हिरवीगार दिसतात. बोट लावलं की रोप आडवं. आम्ही याला रोप कोलमडणं म्हणतो.

दोन-तीन दिवसांत मिरचीच्या ट्रेमध्ये टक्कल पडल्यासारखे गोल दिसायला लागले. मी कडेची उभी रोपं उपटून पाहिली. त्यांच्याही माना तपकिरी झाल्या होत्या. शोभाताईंच्या गटाची मिरची त्याच रांगेत होती, इतर काही शेतकऱ्यांचीही. लागवडीची वेळ तोंडावर आलेली.

मी मंदारला आत बोलावून दाखवलं. त्यानंही एक रोप उपटून पाहिलं. मग म्हणाला, "फवारा मार आणि उभी आहेत ती पाठवून दे. आठ दिवस तग धरतात."

"अन् नवव्या दिवशी?"

"शेतात गेल्यावर रोप मरतेच. वातावरणाचं नाव सांगता येते. सगळेच सांगतात."

"शोभाताईले तू सांगशील?"

त्यानं मोबाईल काढून पाहिला. मग मोबाईल खिशात घालत म्हणाला, की हे सगळं फेकलं तर हंगाम गेला, आणि त्याला सध्या पैसा अडकवून चालणार नाही, कोर्समध्ये पैसे भरून वरच्या लेव्हलला जायची तारीख जवळ आली आहे.

कंपनीत असताना खराब लॉटचं बियाणं परत बोलवा म्हणून साहेबाशी भांडलेला माणूस हाच. मला राग तेव्हा आला नाही, नंतर आला. तेव्हा मी फक्त मिरचीचे ट्रे मोजायला लागलो.

मी सगळी रांग खड्ड्यात घातली. ट्रे औषधाच्या पाण्यात बुडवून काढले, नवं बी टाकलं. ज्यांचं बुकिंग होतं त्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं की आमच्याकडे पाणी जास्त झालं, बुरशी आली, रोप उशिरा मिळेल; थांबायचं नसेल तर आगाऊ रक्कम परत नेता येईल. बरेच थांबले नाहीत. शोभाताई थांबल्या, पण नाराज झाल्या. उशिरा लावलेली मिरची उशिरा बाजारात येते, तेव्हा भाव पडलेला असतो. त्यांचा हिशोब बरोबर होता.

महिना संपायच्या आत आमची भागीदारी मोडली. पिकअप त्यानं घेतली, शेडनेट माझ्याकडे राहिलं. भांडण झालं नाही. सामान नेताना त्यानं माझ्या आईला, आमच्या याडीला, वाकून नमस्कार केला. तिनं त्याला जेवून जायला सांगितलं. तो जेवूनही गेला.

आता खरी गोष्ट. रोपवाटिकेचा मोबाईलवर एक ग्रुप होता. सगळे ग्राहक त्यात. शेतकरी रोगट पानाचा फोटो टाकत, मी काय करायचं ते लिहीत असे. मंदारही त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन होता. वेगळं होण्याआधी त्यानं मला विचारलं होतं, की या ग्रुपवर कोर्सची लिंक टाकू का? लोकांचा आपल्यावर विश्वास आहे, तो नुसता पडून आहे, असं म्हणाला. मी नाही म्हणालो होतो. ते शब्द मला खटकले होते, पण माणूस माझ्या नाहीला मान देईल असं वाटलं.

एका सकाळी लिंक पडली. वर आमच्या रोपवाटिकेचं बोधचिन्ह. खाली दोघांचा फोटो, शेडनेटपुढे उभं राहून काढलेला, हसरा. मी लगेच लिहिलं, की याचा रोपवाटिकेशी काही संबंध नाही, माझा तर अजिबात नाही, कोणीही पैसे भरू नका. थोड्या वेळानं पाहतो तर माझा मजकूर पुसलेला, आणि मीच ग्रुपच्या बाहेर.

मग मी फोन करायला बसलो. माझ्याकडे नंबर होते तेवढ्यांना केले. बहुतेकांनी ऐकून घेतलं. एकानं हसत सांगितलं, की राठोड, तुमाले हिस्सा भेटला नाई म्हनून तुमी बोलता, असं जोशीसाहेब म्हणत होते. दुसऱ्यानं मिरचीची आठवण करून दिली. रोपं कशी मेली ते मंदारनं आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं. राठोडचं लक्ष राहत नाही, असं.

शोभाताईंच्या घरी मी स्वतः गेलो. हॉटेलात जे विचारलं होतं तेच त्यांना समजावलं. विकायला माल नाही, नवा माणूस आला तरच जुन्याला मिळतं, आणि माणसं कधीतरी संपतात. त्यांनी चहा केला. शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमी हुशार आहा. पन माह्या मानसाले दवाखान्यात कोन घेऊन गेलतं?"

त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं. त्यांनी माणूस पारखला होता, आणि तो माणूस त्या दिवशी खराच होता.

गटाचा पैसा त्यात गेला. बायकांनी भाजीच्या टोपल्या वाहून जमवलेला.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल, कारण असल्या गोष्टींचा शेवट वेगळा होत नाही. आधी पैसे काढायला वेळ लागू लागला. मग सर्व्हर अपडेट होतो आहे असे मेसेज आले. मग वेबसाइट उघडेना आणि मेंटरचा फोन लागेना. मंदारनं घरचं सोनं त्यात घातलं होतं. पिकअप विकली. तो कोणाला फसवायला निघाला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याचा त्यावर विश्वास होता, म्हणून तर लोकांचाही बसला.

लोक पोलिसांत गेले. मला बोलावणं आलं, कारण लिंकवर रोपवाटिकेचं नाव होतं आणि फोटोत मी होतो. जबाब लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "नाव तुमचंच ना?" मी हो म्हणालो. "फोटो तुमचाच?" हो. "मग तुमचा संबंध नाही कसा?" पुसलेला मेसेज मला दाखवता येईना. नशिबानं दोन-तीन शेतकऱ्यांनी सांगितलं, की यानं फोन करून अडवलं होतं. तक्रारीतून माझं नाव वगळलं गेलं. पण गावोगाव ते आधीच फिरून आलं होतं.

त्यानंतरचा हंगाम रोपवाटिकेनं पाहिलेला सर्वांत वाईट हंगाम. रोप एक नंबर तयार झालं होतं आणि घ्यायला माणूस नव्हता. लोक आले ते विचारायला. तुले माहीत होतं त काहून जोर लावून नाई सांगतलं, असं मला एकानं ऐकवलं. हसून हिश्श्याचं बोलणारा हाच तो माणूस. मी त्याला त्या फोनची आठवण दिली नाही. देऊन काय होणार होतं?

शोभाताई हल्ली दुसरीकडून रोपं घेतात. बाजारात भेटल्या तेव्हा मी सरळच विचारलं, की रोपात काही कमी पडलं का? त्या म्हणाल्या, "रोपाचं काही नाई, भाऊ. तुमच्या दारात आलं का तुमी सांगतलेलं सारं आठवते. अन् गटातल्या बायका माह्या तोंडाकडे पाह्यते." मंदारच्या आईकडे मात्र त्या जातात. तो आता नागपूरला कुठेतरी कामाला आहे. म्हातारी एकटी असते, म्हणून शोभाताई यवतमाळला गेल्या की भाजी देऊन येतात.

मी रोपवाटिका चालवतो आहे. गाडी भाड्याची, माणसं सांभाळायचं काम बायको सुनीता करते, आणि ती ते माझ्यापेक्षा बरं करते. अधूनमधून कृषीच्या पोरांसमोर बोलायला बोलावतात. पोरं विचारतात, की अशा ऑफर ओळखायच्या कशा? मी सांगतो, ते फार सोपं आहे. विकायचं काय, एवढं विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही. आपला धंदा करत राहायचा.

दुसरा भाग मी त्यांना सांगत नाही. तो इथे लिहून ठेवतो. नाही म्हटल्यानं पैसा वाचतो. पण तुमचं खरं ठरलं म्हणून कोणी तुमच्याकडे रोपं घ्यायला येत नाही.