व्हायोलिनवालीची करंगळी

आमचे भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, आणि भित्रेपणात त्यांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लिफ्टला घाबरतात, कुत्र्याला घाबरतात, फोन अवेळी वाजला तर उचलायच्या आधीच "कोण गेलं?" म्हणून विचारतात. लग्न का केलं नाही म्हटलं तर सांगतात, "घरात एक वहिनी पुरे आहे." मी ते कौतुकच समजते.

फोटो स्टुडिओ आमच्या घरचा. नवरा समारंभांचे फोटो काढत गावोगाव फिरतो, दुकान मी आणि भावजी बघतो. भावजींकडे ओळखपत्रांचे फोटो. पांढरा पडदा, स्टूल, "हनुवटी जरा खाली, कान दिसू द्या." दिवसभर हेच. पण सुट्टीचा दिवस उजाडला की हा माणूस कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचा. रस्त्यावर वाजवून पोट भरणारी माणसं म्हणजे त्यांचं वेड. बाजाराच्या फाटकाशी बसणारा बासरीवाला, पुलावरचा ढोलकीवाला. शिवाय खुर्चीत पेंगणारा न्हावी, गच्चीवर चादर पिळणारी बाई, बसच्या दारात जांभई देणारा कंडक्टर. "हे सगळं तुम्हाला सांगितलंय कुणी?" असं मी विचारायचे. "कुणीच नाही, म्हणून तर बरं वाटतं," म्हणायचे. त्यांचा एक नेम होता. ज्याचा फोटो काढला त्याला पुढच्या सुट्टीला तपकिरी पाकिटातून प्रत नेऊन द्यायची, आणि जो नको म्हणेल त्याचा काढायचाच नाही.

भुयारी मार्गात एक बाई व्हायोलिन वाजवायची. ती म्हणाली, "चेहरा नको." भावजी कितीतरी सुट्ट्या तिच्यासमोर नुसते ऐकत बसले आणि शेवटी धीर करून विचारलं, "हात चालतील?" तिने जरा विचार केला आणि हो म्हणाली. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नव्हती. बाकीची बोटं तारांवर पळायची आणि ही एकटी ताठ उभी. भावजींना तेच आवडलं. त्यांनी तो फोटो मोठा छापून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. चेहरा नाही, मग कुणाला काय कळणार? दिवसभर ओळखपत्रं करणाऱ्या माणसाला ओळख म्हणजे चेहरा, एवढंच ठाऊक. मलाही तसंच वाटलं. काच मीच पुसून दिली होती.

मग एका दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, बोलणं अगदी मऊ. ओळखपत्रासाठी फोटो हवा म्हणाला. भावजींनी त्याला स्टुलावर बसवलं. हनुवटी खाली घेता घेता त्याने विचारलं, "बाहेर काचेत तो हात लावलाय, तो कुठे काढलात?"

भावजींना खोटं बोलता येत नाही. त्यांचे कान लाल होतात. मी काउंटरवरून म्हटलं, "अहो, तो आम्ही नाही काढलेला. कागदाच्या कंपनीने नमुना पाठवलाय, छपाई कशी येते ते दाखवायला."

"खाली तर तुमच्या दुकानाचं नाव आहे," तो हसून म्हणाला.

 कोपऱ्यात नाव छापायची हौस माझीच.

"ती माझ्या घरातली आहे," तो म्हणाला. "रागावून निघून गेली. ते बोट तसं कसं झालं, मला माहीत आहे. मी तिथेच होतो. फक्त जागा सांगा."

त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला पाणी प्यावंसं वाटलं. भावजी म्हणाले, "आठवत नाही." त्यांचे कान टोमॅटोसारखे झाले होते. तो उठला, आपले फोटो घेतले, "मला घाई नाही" म्हणाला आणि समोरच्या चहाच्या दुकानात आमच्या दाराकडे तोंड करून बसला.

आमची दोघांची पाचावर धारण बसली. मी म्हटलं, पोलिसांना फोन करू. भावजी म्हणाले, "काय सांगणार? एक माणूस आला, हसला, फोटो काढून गेला?" मी म्हटलं, मी जाऊन तिला सांगते. "तो तुमच्या मागे येईल, वहिनी. आपल्यातलं कुणीही गेलं तरी तो मागे येईल. त्याला तेच हवंय." तिच्याकडे फोन नव्हता, तिच्या ओळखीच्या बासरीवाल्याकडेही नव्हता. ती संध्याकाळपर्यंत तिथेच वाजवत बसणार होती, आणि इथून कुणी तिच्याकडे जाणं म्हणजे त्याला बोट धरून तिच्यापर्यंत नेणं.

 मग भावजी छपाईच्या मशीनकडे गेले, त्या माणसाच्या फोटोची आणखी एक प्रत काढली आणि तपकिरी पाकिटात घातली. पाकीट बंद करताना त्यांच्या हातून ते दोनदा खाली पडलं. कॅमेरा गळ्यात घातला. मी दुकानाला कुलूप लावलं. भावजींना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर एकटीने मागे राहायचीही नव्हती.

आम्ही निघालो तसा तोही चहा तसाच टाकून निघाला. भावजी नेहमीसारखे थांबत थांबत चालले होते. फाटक रंगवणाऱ्या माणसाचा फोटो काढला, सायकलवरच्या गॅसवाल्याचा काढला. कॅमेरा डोळ्याला लागला की या माणसाची सगळी भीती पळते, असं मी इतकी वर्षं म्हणत आले होते. त्या दिवशी ती पळाली नाही. दुकानांच्या काचांत मला मागचा इस्त्रीचा शर्ट दिसत होता. भुयारी मार्गाकडे वळणारा रस्ता आला, तेव्हा आम्ही दोघंही तिकडे ढुंकूनही न बघता पुढे गेलो.

बाजाराच्या फाटकाशी बासरीवाला होता. हा माणूस बासरी सोडून बाकी सगळं मोठ्याने करतो. "अरे! आज कसे तुम्ही? आज काय सुट्टी आहे?"

"तुमचा फोटो आणलाय," भावजी म्हणाले आणि पाकीट दिलं.

त्याने फोटो बाहेर काढला. "अहो, हा मी नाही!"

तो शर्टवाला भाजीच्या गाड्यापाशी येऊन थांबला होता.  मी हसत हसत ओरडले, "आधी चष्मा लावा! स्वतःलाच ओळखत नाही का?" आणि भावजी गुडघ्यावर बसून कॅमेरा लावत हळूच म्हणाले, "व्हायोलिनवालीला दाखवा. लगेच. माझ्या मागे बघू नका."

बघू नका म्हटल्यावर कोण बघत नाही? त्यानेही बघितलं. पण माणूस हुशार. फोटोकडे पुन्हा नजर टाकली, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "काय म्हातारा दिसतोय हो मी!" फोटो पिशवीत टाकला, सुरू केलेली चाल पुरी वाजवली, बासरी काखेत मारली आणि चहाला चाललो असं शेजारणीला सांगून गर्दीत शिरला. शर्टवाल्याने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. त्याचं लक्ष आमच्यावर होतं.

आता त्याला उलट्या दिशेला न्यायचं होतं. आम्ही गोदामांच्या बाजूला गेलो. भावजी भिंतींचे, दारांचे, हातगाडीच्या चाकांचे फोटो काढत राहिले आणि मी "चला हो, किती वेळ" म्हणून कुरकुरत राहिले. ती कुरकुर खरी होती.  एका बोळात शिरलो तर पुढे भिंत. वळलो तर तो समोर.

"फिरवलंत छान," तो म्हणाला. "आता सांगा." त्याने भावजींचा हात हातात घेतला, ओळखीचा माणूस भेटल्यावर घेतात तसा. मग करंगळी धरली. जोर दिसत नव्हता, पण भावजी पायाच्या चवड्यांवर आले. त्यांचं तोंड उघडं पडलं होतं आणि आवाज येत नव्हता.

मी किंचाळले. काय किंचाळले ते मला आठवत नाही. गोदामाचं दार उघडलं, गोण्या उचलणारी माणसं बाहेर आली, "काय झालं, काय झालं?" त्याने हात सोडला, भावजींच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या माणसांमधून वाट काढत निघून गेला. बोट मोडलं नव्हतं. मी ते धरून तपासून बघितलं.  परत येऊन दुकान उघडल्यावर भावजींनी काचेतला फोटो उतरवला, फाडला, आणि तुकडे पुन्हा फाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बासरीवाला दुकानात आला. पहिल्यांदाच तो हळू बोलत होता. बाईने फोटो बघितला, व्हायोलिन पेटीत घातलं आणि उठली. तो तिला बसपर्यंत सोडून आला. बस सुटेपर्यंत थांबला. ती गेली, नीट गेली. मी भिंतीला टेकून रडले, लाज वाटली नाही.

"कुठे गेली ते मला सांगितलंय तिने," बासरीवाला म्हणाला. "तुम्हाला सांगायचं असेल तर सांग म्हणाली."

"नका सांगू," भावजी म्हणाले.

"अहो, तुमच्यामुळे तर वाचली ती."

भावजी दुसऱ्या हाताने करंगळी धरून बसले होते. "काल त्या बोळात भुयारी मार्ग म्हणायला मी तोंड उघडलं होतं," ते म्हणाले. "ती एव्हाना निघाली असेल की नाही, हेसुद्धा मनात आलं नाही. वहिनी तेवढ्यात ओरडल्या, म्हणून राहिलं. नाहीतर सांगितलं होतं मी."

बासरीवाल्याने माझ्याकडे बघितलं.  "बरं, नाही सांगत" म्हणाला आणि गेला.