उस्तादाच्या हातचा गोटा

अबान्काय गावात प्रवेशपरीक्षा पास झालेलं पोरगं ओळखायला निकाल बघावा लागत नाही. सरकारी विद्यापीठात जागा मिळाली, की त्याला वाजतगाजत तेओदोसियो कावाना न्हाव्याच्या खुर्चीत आणून बसवायचं, डोक्यावर अंडी फोडायची, पीठ उधळायचं आणि मग उस्तादानं वस्तरा फिरवायचा. परीक्षेवाचून कुणाचं डोकं त्यानं कधी भादरलं नाही. त्यामुळं त्याच्या हातचा तुळतुळीत गोटा म्हणजे गावाच्या लेखी शिक्कामोर्तबच.

धाकट्या लेकाला, विल्बेरला, एकदा त्या खुर्चीत बसवायचं, एवढीच त्याची आस. पोरगा दोनदा नापास झालेला. तिसऱ्या खेपेला अभ्यासाला बसला, पण पुस्तकाशेजारी फोन. फोनात राजधानी लीमातलं एक खासगी विद्यापीठ. हिरवळ, काचेची इमारत, पाठीला दप्तर लावून नाचणारी पोरगी. आणि रोज निरोप, 'विल्बेर, तुझी जागा वाट बघतेय.'

"नावानं बोलावतात, पपा. सरकारी विद्यापीठाच्या पानावर अजून गेल्या सालची सूचना लटकतीय."

"बाजारात बटाटेवालीही मला नावानं हाक मारते. म्हणून तिचे बटाटे किडके नसतात होय?"

"त्यांना निदान मी हवा तरी आहे!"

तेओदोसियोनं फोन पालथा घातला आणि पुस्तक पुढं सरकवलं.

परीक्षेला पोरगा गेलाच नाही. फोनवरूनच त्यानं तिकडं नाव घातलं होतं. गावातली त्यांची शाखा निघाली कोंबडीच्या खानावळीवरच्या माडीत. बाप जिना चढून बघून आला. हिरवळ लीमातच राहिली होती. इथं नुसता तळणीचा वास.

मग एक दिवस विल्बेर आपणहून खुर्चीत येऊन बसला. "भादरा, पपा. त्यांना व्हिडिओ पाठवायचाय."

"कशाबद्दल भादरू?"

"माझे सगळे सोबती भादरून बसलेत. मी एकटाच केस घेऊन हिंडतोय."

बापाला नाही म्हणवलं नाही. अंडं मात्र त्यानं फोडलं नाही.

आठवड्यात तो व्हिडिओ गावभर झाला. खाली ठळक अक्षरात विद्यापीठाचं नाव. शेजारची पाववाली एर्मेलिंदा हसतच दुकानात आली.

"उस्ताद, आमच्या एद्गारचंही तिथंच नाव घालते."

"नको घालूस, बाई. आधी जाऊन बघ तरी."

"बघितलं की! तुमच्या हातचं डोकं बघितलं. स्वतःच्या लेकराला चालतं, अन् आमच्याला नको होय? पोटात दुखतंय का?"

ती तणतणत गेली. तेओदोसियोनं घरी जाऊन पोराला धरलं. "काढून टाक ते."

"माझ्या हातात नाही, पपा. त्यांची जाहिरात आहे ती."

"डोकं तुझं, हात माझा, आणि जाहिरात त्यांची?"

बाप तसाच उठला आणि त्यानं एर्मेलिंदाच्या दारावर थाप मारली. तिनं दार उघडलं नाही.

"घातलं नाव," ती आतूनच म्हणाली. "सकाळीच घातलं."