नवऱ्याचं ऑपरेशन

दुसऱ्या बाळंतपणात मला जी धाप लागली ती बसेचना. शहाद्याहून धुळ्याला नेलं, तेव्हा कळलं की माझ्या हृदयाची एक झडप आकसलेली आहे. डॉक्टरांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, तिसऱ्या खेपेला हिची हमी मी देणार नाही. मूल बंद करायचं ऑपरेशन हिचं करायचं तर भूल द्यायचा धोका आहे, त्यापेक्षा तुम्ही करून घ्या, पुरुषाचं सोपं असतं, टाकासुद्धा पडत नाही. नवरा मान हलवत होता. डॉक्टरांपुढे आमच्याकडचे सगळेच पुरुष मान हलवतात.

आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, हे ऑपरेशन बायकांनी करायचं असतं. थंडी पडली की बायका शाल गुंडाळून दवाखान्याच्या गाडीत बसतात आणि पोट धरून परत येतात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पुरुषाने केलं तर त्याच्याने पपईचं क्रेटही उचलवणार नाही, असं शिकलेसवरलेले लोक चहाच्या टपरीवर बसून सांगतात. म्हणून हा गडी खरोखर गेला तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं. शहाद्यात कुणी ओळखीचं भेटेल या भीतीने तो संक्रांतीनंतर थेट नंदुरबारला गेला. आईला सांगितलं, हर्निया आहे. सासूबाईंनी त्या हर्नियासाठी हळदीचं दूध केलं, मी शिरा केला, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. लग्नानंतर तो इतका जवळचा मला क्वचितच वाटला असेल.

दवाखान्यात त्याला निरोधची पाकिटं दिली होती. तीन महिने सांभाळा, मग तपासणीला या, तोवर मोकळं समजू नका, असं बजावलंही होतं. यातलं एक अक्षर त्याने मला तेव्हा सांगितलं नाही. आमच्याकडे गोऱ्ह्याला खच्ची करायचा चिमटा लावला की त्या दिवसापासून तो बैल, त्याला पुन्हा तपासायला कुणी जात नाही. याने स्वतःलाही तोच न्याय लावला आणि पाकिटं पाटाच्या पाण्यात सोडून दिली.

होळीच्या सुमारास माझी पाळी चुकली.

उलट्यांवरून सासूबाईंनी ओळखलं. एक नात आणि एकच नातू, यावर त्यांचं समाधान कधीच नव्हतं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि मला म्हणाल्या, "आते पाटी उचलू नको. देव शे." देव आहे, मग झालं. मी धुळ्याच्या डॉक्टरांची आठवण करून दिली, तर म्हणाल्या की डॉक्टर लोक घाबरवतातच, आमच्या वेळी कुठे होते. पपईने पोट पडतं म्हणून मला मळ्याची बंदी झाली. घरात पपईशिवाय दुसरं पीक नाही, आणि मी दारातून ट्रक भरताना बघायचा.

नवरा मात्र राखणीचं निमित्त करून मळ्यात झोपायला लागला. एकदा जेवता जेवता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला आला होता तो माणूस किती वेळ थांबला होता. माझा घास तसाच राहिला. सगळं घर आनंदात, आणि ज्याला ऑपरेशन माहीत तो एकटाच मला पारखत होता. मला राग नाही आला, किळस आली. सांगायचं तरी कुणाला? सासूबाईंना सांगावं तर आधी त्याचा हर्निया खोटा ठरणार आणि मग मी.

तोवर जिना चढतानाही छाती धडधडायला लागली होती. माझी दोन मुलं मला वाढवायची होती. मी त्याला सांगितलं, मी नंदुरबारला चालले, यायचं तर या. सासूबाईंना वाटलं, तपासायला चाललोय.

तिथल्या डॉक्टरबाईंपुढे मी काही लपवलं नाही. त्यांनी त्याला विचारलं, तपासणीला आला होतात का? त्याने नाही म्हणून मान हलवली. बाई वैतागल्या, पण नीट समजावून सांगितलं. नळी बांधली तरी पुढे साठलेलं असतंच, ते संपायला वेळ लागतो. अशी पोटं राहतात, यात बाईचा काही दोष नाही. मला म्हणाल्या, पोट काढायचा तुम्हाला हक्क आहे, तुमच्या एकटीची सही पुरते. त्याच्या हातात वीर्य तपासायची एक डबी देऊन त्यांनी समोरचं दार दाखवलं. म्हणाल्या, मनात काही असेल तर आत्ता तपासून टाका.

मी बाकावरून बघत होते. तो त्या दाराशी उभा राहिला. आत एकजण गेला, बाहेर आला, दुसरा गेला. मग याने डबी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि चहा प्यायला निघून गेला. संशय त्याला चालत होता, खरं काय ते मात्र नको होतं. मी आत जाऊन सही केली.

मला सोडलं तेव्हा आम्ही शहाद्याच्या एसटीत बसलो. पोटात कळा येत होत्या. प्रकाशा गावाजवळचा पूल आला तेव्हा तो खिडकीबाहेर तापीकडे बघत हळूच म्हणाला, "खरं सांग, ते मन्हंच व्हतं ना?"

"डबी तुम्हना हातमाच व्हती," मी म्हटलं.

घरी सांगितलं, पडलं. सासूबाईंनी मला कुशीत घेतलं आणि रडल्या, आणि चोरून पपई खाल्ली असशील म्हणून बोलही लावला. मला ते मूल ठेवणं शक्य नव्हतं. पण गेल्याचं दुःख झालं नाही असं कोण म्हणेल? त्याने नुसता पाठीवर हात ठेवला असता तरी मी त्याच्यापाशी रडले असते.

तो अजून तपासणीला गेलेला नाही. अधूनमधून जवळ येतो. मी विचारते, नंदुरबारला कधी जायचं? तो पांघरूण उचलतो आणि ओट्यावरच्या खाटेवर जाऊन झोपतो.