माळ्याचा नळ

बसवंत होसमनी हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. चूक तुमची नाही. निपाणीच्या आमच्या दलित वस्तीतून शिकून बाहेर पडलेले हे पहिले आर्किटेक्ट. बंगळुरूत तीस वर्षं इमारती काढल्या आणि प्रत्येक नकाशावर सही कचेरीच्या मालकानं ठोकली. चामराजपेटेतलं मुलींचं वसतिगृहही त्यांचंच. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून संगमरवरी पाटी लागणार होती. तिच्यावरही नाव मालकाचंच!

बसवंतरावांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या मुलीला, कस्तुरीअक्काला, घेऊन मी वसतिगृहाच्या ट्रस्टच्या अप्पासाहेबांपुढं उभा राहिलो.

"पुरावा?" ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "सही करू दिली असती तर पुरावा राहिला असता की!"

"स्वल्प गप बस रे," म्हणत अक्कानं जुना नकाशा टेबलावर पसरला. कुंपणाच्या भिंतीत, रस्त्याच्या अंगाला, बारीक खूण. शेजारी बसवंतरावांच्या अक्षरात लिहिलेलं : माळ्यासाठी नळ.

"इथं बाग कुठाय?" अप्पासाहेब हसले.

"कुठंच नाही. बाबांच्या अकरा इमारती, एकीलाही बाग नाही. नळ मात्र अकराही ठिकाणी, रस्त्याकडं तोंड करून. लहानपणी गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. वाटसरूंसाठी नळ म्हटलं असतं, तर कुठल्या मालकानं ठेवला असता? माळ्याला कोण नाही म्हणणार?"

अप्पासाहेबांनी नकाशा जवळ ओढून ती खूण पाहिली. "सरी, ठीक आहे. नाव घालू. पण पाटी नळाच्या जागीच बसेल. दर्शनी भिंत तीच. शिवाय रिक्षावाले गर्दी करतात, चिखल होतो."

मी अक्काला डोळ्यानं खुणावलं, हो म्हण.

"मग नाव राहू द्या," अक्का म्हणाली. "नळ ठेवा."

जिना उतरताना मी कडाडलो, "हातातोंडाशी आलेलं घालवलंस!"

"बाबा इथून जाताना बसच्या खिडकीतून काय बघायचे, ठाऊक आहे? नळ चालू आहे का एवढंच."

मला अजून पटलेलं नाही. मालकाच्या नावाची पाटी दुसऱ्या भिंतीवर लागली, ती दिसली की हात शिवशिवतात. तरी दर मंगळवारी के. आर. पुरमहून दोन बस बदलून जातो, नळ फिरवून बघतो.

परवा पाणी आलं नाही. वॉचमनवर असा ओरडलो, की खिडक्यांतून पोरी डोकावल्या.

"टाकी धुतायत, अण्णा! अर्धा तास!"

मागं एक रिक्षावाला रिकामी बाटली घेऊन उभा राहिला. धार येईपर्यंत मी तिथून हललो नाही.